उतरणीची तयारी

चढण्याला जगांत जितकी प्रतिष्ठा आहे तितकी उतरण्याला नाहीं. शिखरावर पाय ठेवणाऱ्या माणसाचें छायाचित्र वर्तमानपत्रांत झळकतें. तोच माणूस चार दिवसांनीं सुखरूप पायथ्याशीं येऊन पोंचला, तर ती वार्ता छापावी असें कोणास वाटत नाहीं. भाषेंतही हाच पक्षपात दिसतो. चढती कमान आणि चढता भाव हीं वैभवाचीं लक्षणें. उतरलेला चेहरा, उतरती कळा आणि उतारवय हीं सारीं दैन्याचीं. परंतु सह्याद्रीचा एखादा तरी गड ज्यांनीं पायांखालीं घातला असेल, त्यांस हें सांगावयास नको कीं चढतांना दम लागतो, पण पाय मुरगळतो तो उतरतांना. घाटांतून गाडी हांकणारे जुने चालक नव्या पोराला पहिला धडा देतात तो हाच, कीं ज्या गिअरांत घाट चढावा त्याच गिअरांत तो उतरावा. चढणीवर यंत्राचा कस लागतो, उतरणीवर चालकाचा.

आतां, ज्यांत चढणें मुळींच नाहीं, केवळ उतरणेंच आहे, असा एक खेळ पाश्चात्य देशांत गेल्या पन्नास वर्षांत वाढीस लागला आहे. सायकल रज्जुमार्गाच्या पाळण्यांतून डोंगरावर न्यावयाची आणि दगडधोंडे, झाडांच्या मुळ्या, लहानमोठे कडे यांनीं भरलेल्या अरुंद वाटेनें ती जितक्या वेगानें झेपेल तितक्या वेगानें खालीं आणावयाची, असें त्याचें स्वरूप. 'डाउनहिल' हें त्याचें इंग्रजी नांव. त्याचा जन्म कॅलिफोर्नियांतला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन नांवाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं कांहीं तरुणांनीं जुन्या, जाडजूड टायरांच्या सायकली घेऊन शर्यत लावली. रस्ता सुमारें दोन मैलांचा आणि उतार तेराशें फुटांचा. त्या सायकलींना ब्रेक असे तो मागच्या चाकाच्या हबांत. पायडल उलटें दाबलें म्हणजे तो लागे. खालीं पोंचेपर्यंत हब इतका तापे, कीं आंतलें ग्रीस धूर होऊन उडून जाई आणि पुढच्या फेरीपूर्वीं तो उघडून त्यांत नवें ग्रीस भरावें लागे. या पुन्हां भरण्याला इंग्रजींत 'रीपॅक' म्हणतात. तेंच त्या रस्त्याचें आणि शर्यतीचें नांव पडलें. आम्हांस ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण वाटते. विजेत्याच्या नांवानें नव्हे, डोंगराच्याही नांवानें नव्हे, तर दोन फेऱ्यांच्या मध्यंतरांत हात काळे करून केलेल्या कामाच्या नांवानें ती शर्यत ओळखली जाऊं लागली. पुढें १९९० सालीं कोलोरॅडोंतील ड्युरँगो येथें या खेळाचें पहिलें अधिकृत जागतिक अजिंक्यपद झालें आणि पोरांच्या उपद्व्यापाला संस्थेची मान्यता मिळाली.

हें सारें आम्हांस माहीत असण्याचें एरव्हीं कांहीं कारण नव्हतें. आम्ही कॉलेजांत मुलांस शिकवणारे. आमची सायकल घरापासून कॉलेजापर्यंत गेली आणि तेथून सपाट रस्त्यानेंच परत आली. परंतु गेल्या उन्हाळ्यांत आम्ही ग्लासगो येथें आमच्या भाच्याकडे तीन आठवडे राहिलों. भाचा तेथें अभियांत्रिकीचें शिक्षण घेतो. आमच्या धाकट्या बहिणीचा हा एकुलता एक मुलगा. तो दहा वर्षांचा असतां त्याचे वडील गेले. तेव्हांपासून 'मामा' या शब्दाला आमच्या घरीं नेहमींपेक्षां थोडा अधिक अर्थ आहे. तेथें गेल्यावर त्यानें शिल्लक टाकून एक वापरलेली डोंगरी सायकल विकत घेतली, आणि महिन्यांतून एखाद्या रविवारीं तो एका मित्राबरोबर फोर्ट विल्यमला जाऊं लागला.

आम्ही तेथें असतांच असा एक रविवार आला. शुक्रवारीं रात्रीं पुण्याहून बहिणीचा फोन. "दादा, तूं तिथें आहेस तोंवर तरी त्याला त्या डोंगरावर जाऊं देऊं नकोस. गेल्या वर्षीं गळ्याखालचें हाड मोडून घेतलें, तें मला दोन महिन्यांनीं कळलें. माझें तो ऐकायचा नाहीं. तुझा शब्द मोडायचा नाहीं."

तिचें म्हणणें खरें होतें. मुलगा चोवीस वर्षांचा. त्याला मनाई करण्याचा कायदेशीर अधिकार कोणासही नाहीं. पण मामानें नको म्हटलें असतें तर तो गेला नसता, हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें. आणि ज्याचा उपयोग होणारच आहे असा शब्द उच्चारणें हें निरुपयोगी शब्द उच्चारण्यापेक्षां किती तरी अवघड असतें. आम्हीं बहिणीला एवढेंच सांगितलें, कीं आधीं तो काय तयारी करतो तें पाहूं, मग ठरवूं. परीक्षकाचा धंदा अंगवळणी पडलेला. तेव्हां शनिवारीं संध्याकाळीं आम्ही त्याच्या खोलींत खुर्ची घेऊन बसलों, ते मनांतल्या मनांत गुणपत्रिका हातांत घेऊनच.

त्यानें जमिनीवर एक जुनी चादर पसरली आणि सामान ओळीनें मांडलें. दाराच्या आंतल्या बाजूस एक कागद चिकटवलेला होता. त्यावर यादी. एकेक वस्तु हातांत घ्यावयाची, तपासावयाची आणि मगच यादींत तिच्यापुढें खूण करावयाची, असा त्याचा क्रम होता. न तपासतां खूण केली असें एकदांही झालें नाहीं.

प्रथम हेल्मेट. आपल्याकडील मोटारसायकलस्वार घालतात तसें हनुवटीपर्यंत संबंध तोंड झांकणारें, पण वजनानें पुष्कळ हलकें. तें त्यानें आमच्याच डोक्यावर चढवलें आणि म्हणाला, "मामा, हातानें हेल्मेट धरून हलवा. कपाळाची कातडी त्याबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट एकटेंच फिरलें, तर तें मोठें आहे असें समजायचें." मग तें उलटें करून त्यानें आंतला थर दाखवला. नवा दूरचित्रवाणी संच ज्या पांढऱ्या थर्मोकोलांत गुंडाळून येतो, त्याच जातीचा पण अधिक दाट असा तो पदार्थ. माणसाला वांचवतो तो मुख्यतः हा; आणि वांचवतो तो स्वतः चिरडून. आघाताची शक्ति त्याच्या चुरडण्यांत खर्ची पडते, म्हणून ती कवटीपर्यंत कमी पोंचते. परंतु एकदां चिरडलेला थर पुन्हां फुगत नाहीं. वरून कवच झळझळीत दिसत असलें, तरी मोठा आघात झालेलें हेल्मेट टाकून द्यावयाचें, हा नियम त्यामुळेंच. त्याच्याही आंत एक पातळ सरकता पापुद्रा होता. डोकें सरळ आपटत नाहीं, तें तिरपें आपटतें व झटक्यानें फिरतें, आणि मेंदूला इजा होते ती पुष्कळदां त्या फिरण्यानें, हें ध्यानांत घेऊन स्टॉकहोमचे मेंदूचे शल्यवैद्य हान्स फॉन होल्स्ट व अभियंते पीटर हॉल्डिन यांनीं ही युक्ति काढली. आघात होतांच पापुद्रा किंचित् सरकतो आणि फिरण्याचा झटका सौम्य करतो.

त्यानंतर गुडघ्यांचीं व कोपरांचीं आवरणें, पाठीचें चिलखत, पूर्ण बोटांचे हातमोजे, डोळ्यांवरचा चष्मा. गुडघ्याच्या आवरणांतला पदार्थ हातीं घेऊन आम्हीं दाबला, तर तो कणकेसारखा मऊ. भाच्यानें त्यावर जोरानें मूठ आपटली, तर तोच कठीण. घरांत कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यांत घट्ट कालवून पाहिलें तर हाच चमत्कार दिसतो: बोट सावकाश घाला, बुडतें, झटक्यानें मारा, अडतें. सज्जनाच्या स्वभावाचें याहून चांगलें उदाहरण वर्गांत देतां येणार नाहीं, असें आम्हांस वाटून गेलें. भाच्याला मात्र उपमेंत रस नव्हता. त्यानें आवरणें पायांत चढवलीं, पट्टे आवळले, आणि दहा उठाबशा काढून तीं खालीं सरकत नाहींत याची खात्री करून घेतली. पडण्याच्या क्षणीं जें जागेवर नसेल, तें घातलें काय आणि न घातलें काय, सारखेंच.

मग सायकलीची पाळी आली. त्यानें चाक कानाशीं नेऊन हलवलें. आम्हीं विचारलें, हें काय? तो म्हणाला, या टायरांत ट्यूब नसते. आंत एक चिकट पातळ द्रव असतो, तो लहान छिद्रें आपोआप बुजवतो. पण कांहीं महिन्यांत तो सुकून जातो, म्हणून खळखळ ऐकूं येते कीं नाहीं तें पाहायचें. हवेचा दाब त्यानें काट्यावर मोजला, पुढें पंचवीस पौंड, मागें अठ्ठावीस. हँडलाच्या दोन्ही टोकांच्या टोप्या चांचपून पाहिल्या. ही टोपी म्हणजे अगदीं क्षुद्र वस्तु; पण ती नसेल तर पडतांना उघड्या नळीची कडा, वाटीनें पुरीची चकती कापावी तशी, मांस कापूं शकते. शेवटीं त्यानें विजेरी धरून ब्रेकचे पॅड किती शिल्लक आहेत तें पाहिलें. निम्मे उरले होते. ते त्यानें काढले नाहींत, पण नव्या पॅडांच्या दोन जोड्या पिशवींत टाकल्या. कारण, त्याच्या सांगण्याप्रमाणें, स्कॉटलंडमधील पाऊस आणि वाळूमिश्रित माती यांचा चिखल सहाणेचें काम करतो आणि एका ओल्या दिवसांत पॅड संपवूं शकतो. नवे पॅड बसवून एकदम कड्यावर जातां येत नाहीं, हेंही त्यानें सांगितलें. सपाटीवर वेग घेऊन तो हळूहळू कमी करावयाचा, असें पंधरा-वीस वेळां केल्यावरच ते धरूं लागतात.

ब्रेकांस एवढा मान कां, याचा हिशेब आम्हीं तेथेंच पाकिटाच्या पाठीवर मांडला. फोर्ट विल्यमच्या प्रसिद्ध शर्यतीच्या वाटेची लांबी पावणेतीन किलोमीटरांहून थोडी अधिक, आणि उतार सुमारें ५५५ मीटर. स्वार व सायकल मिळून ९० किलोग्रॅम धरले, तर माथ्यावरून पायथ्यापर्यंत सुमारें चार लाख नव्वद हजार ज्यूल ऊर्जा कोठें तरी जिरवावी लागते. खोलींतल्या पाण्याला उकळी आणावयाची म्हटलें, तर एवढ्या ऊर्जेंत दीड लिटर पाणी उकळेल. कांहीं वांटा वारा घेतो, कांहीं माती घेते. उरलेला सगळा दोन पातळ पोलादी चकत्यांनीं आणि बोटाच्या पेराएवढ्या पॅडांनीं पत्करावयाचा. रीपॅकच्या रस्त्यावर ग्रीसाचा धूर कां होत असे, तें आम्हांस तेव्हां नीट उमगलें.

सुट्या भागांची पिशवी निराळी. एक ट्यूब, टायरचें छिद्र बुजवण्याच्या चिकट वाती, पंप, आणि पंपाच्याच अंगावर गुंडाळलेली कापडी चिकटपट्टी, चेन तुटल्यास जोडण्याची एक कडी, ॲलन कींचा संच, मूठभर केबल टाय. या सर्वांत आमचें लक्ष वेधलें तें बोटभर लांबीच्या ॲल्युमिनियमच्या एका वेड्यावांकड्या तुकड्यानें. त्याला हँगर म्हणतात. चेन एका दांत्यावरून दुसऱ्यावर नेणारें जें यंत्र मागच्या चाकापाशीं लोंबत असतें, तें सायकलीच्या सांगाड्याला थेट जोडलेलें नसतें. मध्यें हा तुकडा असतो, आणि तो मुद्दाम दुबळा केलेला असतो. यंत्र दगडावर आपटलें कीं हा वांकतो किंवा मोडतो, आणि तो मोडला म्हणून हजारों रुपयांचा सांगाडा वांचतो. घरांतल्या विजेच्या फ्यूजचें काम जें, तेंच याचें. गंमत अशी कीं, प्रत्येक सांगाड्याचा हँगर निराळा. मित्राचा आपल्याला चालत नाहीं, आणि डोंगराखालच्या दुकानांत आपल्या सायकलीचा मिळेलच असेंही नाहीं. तेव्हां ज्याचा त्यानें बाळगावयाचा. भाच्याजवळ दोन होते.

आम्हीं इतका वेळ ऐकून घेतलें. आतां परीक्षकाचा प्रश्न विचारणें प्राप्त होतें. शिकागो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनीं १९७५ सालीं असें प्रतिपादन केलें होतें, कीं मोटारींत सुरक्षिततेच्या सोयी सक्तीनें वाढवल्या म्हणजे चालक अधिक बेफाम होतात आणि मिळालेला लाभ बराचसा उधळून टाकतात. त्यावर पुढें पुष्कळ वाद झाला. परंतु शंका टाकाऊ नाहीं. "हें एवढें चिलखत चढवल्यावर," आम्हीं विचारलें, "तूं जास्तच धाडस करणार नाहींस कशावरून?"

आम्हांस वाटलें होतें, तो उसळून नाहीं म्हणेल. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "होत असेल तसें. म्हणूनच डोंगरावर कांहीं ठरवायचें नाहीं, मामा. ठरवायचें तें घरीं."

त्यानें दाराकडे बोट दाखवलें. यादीच्या खालीं एक रेघ मारून आणखी चार-पांच ओळी लिहिलेल्या होत्या, त्या आम्हीं वाचल्या नव्हत्या. त्या वस्तूंच्या नव्हत्या. पहिली फेरी सावकाश, केवळ वाट पाहण्यासाठीं. जी उडी पायीं जाऊन पाहिली नाहीं, ती घ्यायची नाहीं. मुठी आंबून बोटें ब्रेकवर नीट वळेनाशीं झालीं कीं थांबायचें. 'आतां शेवटची फेरी' असें म्हणून वर जायचें नाहीं. कारण शेवटची म्हटली कीं दमलेला माणूस ती गाजवायला जातो, असा या मंडळींचा समज आहे. आणि डोक्याला मार लागला, मग तो कितीही किरकोळ वाटो, तर त्या दिवशीं सायकल बंद. हा शेवटचा नियम कांहीं त्याचा नव्हे. मेंदूला हादरा बसल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूला तत्काळ बाहेर काढावें, असें सर्व खेळांस लागू असें मार्गदर्शन स्कॉटलंडनें २०१५ सालींच केलेलें आहे.

एक आक्षेप मात्र अद्याप शिल्लक होता, आणि तो आमच्या सबंध वर्गाचा आहे. पोटासाठीं धोका पत्करणारा माणूस आपल्याला समजतो. कर्तव्यासाठीं पत्करणारा पूज्य वाटतो. पण केवळ आनंदासाठीं पत्करणारा मूर्ख ठरतो. या न्यायानें आमच्या बहिणीचा मुलगा मूर्ख, आणि आमची बहीण शहाणी. पण आमची बहीण रोज शाळेंत शिकवायला जाते ती स्कूटरवरून, भर गर्दींतून, आणि हेल्मेट न घालतां. ती एकटी नव्हे. २०१९ च्या जानेवारींत पुण्यांत पोलिसांनीं हेल्मेटसक्ति कडक केली, तेव्हां सुशिक्षित नागरिकांनीं तिच्याविरुद्ध मोर्चे काढले, हें सर्वांस स्मरत असेल. केस बिघडतात, मान अवघडते, गांवांत वेग तो कितीसा असतो, हीं त्या वेळचीं कारणें. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत देशांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांपैकीं ५०,०२९ जणांनीं हेल्मेट घातलेलें नव्हतें. हा धोका कोणी आनंदासाठीं पत्करलेला नाहीं; त्यामुळें तो धोकाच वाटत नाहीं. रोजचा म्हणून तो आपल्याला दिसेनासा झाला आहे. भाच्याचा धोका वर्षांतून दहा दिवसांचा, आणि तो एकेक अवयवाचें नांव घेऊन मोजलेला. मूर्ख कोण, हें ठरवण्याच्या भरीस आम्ही पडलों नाहीं.

आपल्या भाषेंत 'काळजी' हा एक विलक्षण शब्द आहे. त्याच्यापुढें 'करणें' घातलें तर एक अर्थ, 'घेणें' घातलें तर दुसरा. काळजी करणाराला कांहींच करावें लागत नाहीं. रात्रभर कूस बदलली म्हणजे पुरे. काळजी घेणाराला विजेरी लागते, पाना लागतो, यादी लागते. आपल्या मध्यमवर्गीय घरांत पहिल्या क्रियापदाची समृद्धि फार. 'सांभाळून जा' असें आपण उंबऱ्यांत उभे राहून सांगतों. पण काय सांभाळावयाचें आणि तें कसें, हें त्या दोन शब्दांत कोठेंच नसतें. मनांतली भीति दुसऱ्याच्या पदरांत टाकून आपण मोकळे होतों, एवढेंच. आमच्या पुराणकथाही आम्हांस या बाबतींत फारशी मदत करीत नाहींत. सिंहगडावर दोर कापून टाकल्याची गोष्ट आम्ही मुलांस आवडीनें सांगतों, आणि ती सांगावी अशीच आहे. पण तेच दोर बांधण्यापूर्वीं कोणीं तरी ते ताणून पाहिले असतील, त्या माणसाची गोष्ट कोणास ठाऊक नाहीं. हिरकणी रात्रीं रायगडाचा कडा उतरली, तिचें नांव बुरुजाला मिळालें. तिचें बाळ घरीं एकटें होतें. तिला तयारीला अवधि नव्हता. ज्यांना अवधि आहे, त्यांनीं तिचें नांव सांगून हातपाय हलवूं नयेत, हें बरें नव्हे.

त्या रात्रीं आम्हीं बहिणीला फोन केला. "तो जातो आहे," आम्हीं सांगितलें, "आणि आम्हीही बरोबर जात आहों." ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "डिंकाचे लाडू उरले असतील तर दे त्याच्याबरोबर." आम्हीं यादीकडे पाहिलें. चिलटांच्या औषधाच्या खालीं, रेघेच्या वर, 'लाडू' असें लिहिलेलें होतेंच.

रविवारीं पहांटे निघालों. लॉक लोमंडच्या कांठानें आणि ग्लेन्कोच्या खिंडींतून फोर्ट विल्यमपर्यंत शंभराहून अधिक मैलांचा तो रस्ता इतका रम्य आहे, कीं त्याचें वर्णन निराळ्या लेखासाठीं ठेवणेंच बरें. गांवापुढें सहा-सात मैलांवर एओनाख मोर नांवाचा डोंगर. त्याच्या कुशींतून १९८९ सालीं बांधलेला रज्जुमार्ग सुमारें ६५० मीटर उंचीपर्यंत जातो. २००२ सालापासून अनेक वर्षें येथें जागतिक चषकाच्या शर्यती झाल्या. २००७ व २०२३ सालीं जागतिक अजिंक्यपदाची उतरणीची स्पर्धाही येथेंच झाली. जगांतले पहिल्या प्रतीचे स्वार ही वाट साडेचार मिनिटांच्या आसपास उतरतात. भाचा व त्याचा मित्र अर्थातच त्या वाटेला गेले नाहींत. तिच्याहून सौम्य अशी दुसरी वाट त्यांनीं घरींच निवडून ठेवली होती.

पहिली फेरी त्यांनीं खरोखरच इतक्या सावकाश केली, कीं आम्हांस थोडीशी निराशा वाटली. दुसऱ्या फेरींत भाच्याची सायकल एका खडकाला घांसली आणि हँगर वांकला. वाटेच्या कडेला बसून त्यानें तो बदलला. खालीं आला तेव्हां आम्हीं घड्याळ पाहिलें, पंचवीस मिनिटांचा उशीर झाला होता. तिसऱ्या फेरींत मित्र पडला.

आम्ही पायथ्याशीं उभे होतों. वरून दोघे पायीं येतांना दिसले, सायकली हातांत धरून. मित्राच्या हेल्मेटाचें पुढचें पान तुटलें होतें, कोपराच्या आवरणावर चिखल व ओरखडे. अंगावर जखम नाहीं. तो हंसत होता, चांगला बोलत होता, आणि आपणांस कांहींही झालेलें नाहीं, आणखी एक फेरी करूं, असें पुन्हां पुन्हां म्हणत होता. पुन्हां पुन्हां म्हणत होता हेंच आमच्या भाच्याला आवडलें नाहीं. तेव्हां सकाळचे साडेअकरा वाजले होते. दिवसभराच्या फेऱ्यांचे पैसे भरलेले. आकाश त्या देशाच्या मानानें निरभ्र. भाच्यानें वाद घातला नाहीं. त्यानें स्वतःचें हेल्मेट काढलें, मित्राचें काढून घेतलें, सायकली गाडीवर चढवून कुलूप लावलें, आणि त्याला तपासून घेण्यासाठीं रुग्णालयांत नेलें. तेथें सारें ठीक निघालें. संध्याकाळीं त्यानें मित्राच्या हेल्मेटाच्या आंतला थर दाखवला. बाहेरून कवचावर नखाएवढा चरा. आंत मात्र एक बोट सहज मावेल असा खळगा पडला होता.

आम्हीं शनिवारीं रात्रीं चादरीवर मांडलेली प्रत्येक वस्तु पाहिली होती. त्यांतली कोणतीही, त्या मुलाला साडेअकरा वाजतां डोंगरावरून परत फिरवूं शकली नसती. फिरवलें तें कागदावरच्या शेवटच्या ओळीनें, आणि ती लिहितांना तो शांत होता म्हणून. एरव्हीं त्या क्षणीं, त्या उन्हांत, मित्र हंसत असतां, थांबूं असें म्हणणें चोवीस वर्षांच्या माणसाला सोपें नाहीं. पन्नाशी उलटलेल्या माणसालाही नाहीं. ज्या प्रसंगीं आपली बुद्धि जागेवर राहणार नाहीं असा अंदाज आहे, त्या प्रसंगापुरता निर्णय आधींच करून बरोबर न्यावा, हा या सबंध तयारीचा गाभा. हँगर जसा मोडण्याच्या वेळेसाठीं न्यावयाचा, तसा हाही न्यावयाचा.

बहिणीला आम्हीं सर्व हकीकत सांगितली, मित्राच्या पडण्यासकट. लपवून ठेवलें असतें तर तिची काळजी पहिल्या क्रियापदापाशींच राहिली असती. ती घाबरली, रागावली, आणि मग तिनें विचारलें, तो खळगा नक्की कोठें पडला होता. त्यानंतर आम्ही भारतांत परतलों. हल्लीं शनिवारीं तिचा मुलाला फोन जातो तेव्हां ती 'सांभाळून जा' म्हणतेच, पण त्याआधीं विचारते, "पॅड पाहिलेस का? आणि तो मोडका तुकडा घेतलास का?" पॅड म्हणजे काय आणि तुकडा कोठें बसतो, हें तिला अजून सांगतां येणार नाहीं. उत्तर दिल्यावर मुलगाही उलट विचारतो, "आणि आई, तुझें हेल्मेट?" त्यावर पुण्याकडून कांहीं क्षण आवाज येत नाहीं. त्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेलें नाहीं. परंतु प्रश्न आतां दोन्ही बाजूंनीं विचारला जाऊं लागला आहे, हें आमच्या घराण्याच्या इतिहासांत कांहीं थोडें नव्हे.